तुम्ही विचारलंत म्हणून: रॉजरचा तो एकच डाव

आमच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर नवीन आलेला प्रत्येक जण पंधरा दिवसांत हे विचारतोच, आणि तालमीत वाढलेले माझे मामा तर दर दिवाळीला: 'तो तुझा रॉजर ग्रेसी एकच डाव मारतो. समोरच्याला तो आधीपासून ठाऊक असतो. मग अडवत कसा नाही रे कोणी?'

रॉजर हा जिउ-जित्सूतला जगज्जेता. त्याचा डाव म्हणजे क्रॉस कॉलर चोक, अंगातल्या जाड कोटाच्या कॉलरनंच गळा आवळायचा. उताण्या पडलेल्या गड्याच्या छातीवर बसायचं, यालाच माउंट म्हणतात. उजवा हात त्याच्या उजव्या कॉलरमध्ये थेट मानेमागे सारायचा, डावा वरून आडवा घालून दुसरी कॉलर धरायची आणि कोपरं ओढून घ्यायची. श्वास कोंडत नाही. मनगटाच्या हाडांनी मानेच्या दोन्ही रक्तवाहिन्या दबतात. थाप मारून हार मानली नाही तर माणूस काही सेकंदांत झोपतो. व्हाइट बेल्टला, म्हणजे नवशिक्याला, हा डाव सुरुवातीलाच शिकवतात. दोन-चार दिवस कोणालाच लागत नाही, मग तो ठरवून टाकतो की हे नुसतं दाखवायला आहे.

रॉजर मात्र २००९ च्या जागतिक स्पर्धेत आपल्या वजनी गटात आणि वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात, दोन्हीकडे, सगळ्यांना थाप मारायला लावून जिंकला, तेही मुख्यतः याच डावावर. ब्लॅक बेल्टमधली, म्हणजे वरच्या पातळीवरची, त्याची जागतिक विजेतेपदं दहा. आईकडून तो कार्लोस ग्रेसींचा नातू, म्हणजे ज्या घरानं ही विद्या ब्राझीलमध्ये रुजवली त्याच घरातला. पण आडनावानं कोणाची मान दबत नाही.

मामांना मी उलट विचारतो, 'कुस्तीतला घिस्सा डाव कोणाला ठाऊक नसतो? तरी दर मैदानात त्यावर कुस्त्या होतातच ना?' ते हसतात, पण पटत नाही. कारण कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला. इथं पाठ टेकल्यावर खरी लढत सुरू होते, आणि रॉजरचं सगळं कसब त्या मधल्या वेळात आहे.

हात कॉलरमध्ये जातो तो क्षण लोक बघतात. मी त्याच्या कमरेकडे बघतो. माउंट मिळाली की तो घाई करत नाही. सहा फुटांच्या वर उंची, लांब पाय. गुडघे हळूहळू सरकवत खालच्याच्या काखेपर्यंत नेतो. छातीवर एवढं वजन आलं की कंबर उचलून पूल करून उसळायला जागाच उरत नाही. आता खालच्यानं दोन्ही हातांनी गळा झाकला तर कोपरं उघडी पडतात आणि आर्मबार, म्हणजे कोपर उलट वाकवणारा डाव, लागतो. कोपरं मिटली तर कॉलर मोकळी. माहीत असून काय करणार? डाव कळायचा प्रश्नच नाही, सुटायची वाट आधीच बुजवलेली असते. एका सीनियरनं माझ्यावर हाच प्रयोग केला होता. पुढचे चार दिवस कॉलरचा लाल वळ शर्टाखाली लपवत ऑफिसला गेलो.

तो कधी हरलाच नाही असं नाही. २००४ च्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत त्यानं त्याच्या तोडीच्या जॅकारेला आर्मबार लावला. कोपर गेलं, पण जॅकारेनं थाप मारली नाही. तो दुखरा हात पट्ट्यात खोचून फिरत राहिला आणि गुणांवर जिंकला. मला तरी वाटतं, त्या दिवशी मोठा जॅकारेच ठरला. पुढच्या वर्षी एडीसीसी या पकडींच्या स्पर्धेत, जिथं गी, म्हणजे तो जाड कोट, नसतो, म्हणजे ओढायला कॉलरच नाही, तिथं रॉजरनं आठही प्रतिस्पर्ध्यांना थाप मारायला लावली. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत समोर पुन्हा जॅकारेच होता. 'एकच डाव' म्हणणाऱ्यांनी हे वर्ष जरूर बघावं.

एमएमए, म्हणजे ठोसे-लाथांसकट सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींमध्येही तो उतरला, एका संघटनेचा किताबही मिळवला. पण त्याच्यासाठी रात्री जागावं असं मला तिथं वाटलं नाही.

जागलो ते २०१७ च्या, जिउ-जित्सूतलाच दुसरा जगज्जेता बुशेशा याच्याशी झालेल्या लढतीसाठी. रिओ. रॉजर पस्तिशीचा, बुशेशा ऐन भरात. २०१२ ची त्यांची लढत बरोबरीत सुटली होती. या वेळी रॉजरनं पाठ मिळवली, म्हणजे त्याच्या मागे जाऊन पाठीला चिकटला, मागूनच कॉलर धरली आणि काही मिनिटांत संपवलं. मग त्यानं निवृत्ती जाहीर केली.

गेल्या दिवाळीला मामांना तीच लढत मोबाइलवर दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीन नाकाशी धरून त्यांनी ती संपेपर्यंत बघितली. मग फोन परत माझ्याकडे दिला. 'पाठ घेतली तिथून लाव. हात नको, पाय दाखव.'