पुरावरचा निबंध लिहिताना

'सांगलीचा पूर' हा विषय नव्हे, नुसतं शीर्षक झालं. १० पानांच्या निबंधाला प्रश्न लागतो: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी इशारा पातळीवरून धोका पातळीवर किती तासांत गेलं? एवढा नेमका प्रश्न धरला की निम्मं वाचन आपोआप गळतं.

मुलांची खरी गाडी अडते ती एककांत. पुलाजवळची पातळी फुटांत असते, इशारा ४० आणि धोका ४५. कोयना धरणाचा साठा टीएमसीत (म्हणजे अब्ज घनफुटांत), विसर्ग क्युसेकमध्ये. साठा म्हणजे किती पाणी आहे, विसर्ग म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट सुटतंय. हे दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की पुढचा सगळा युक्तिवाद कोसळतो, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ, एकक आणि तो कुठून घेतला ते त्याच क्षणी वहीत लिहावं. नंतर शोधू म्हटलं की सापडत नाही.

प्रस्तावना शेवटी लिहा. आधी मधला भाग, मग निष्कर्ष. कच्चा मसुदा दोन दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो ते वाक्य तोडा.

आणि डावीकडे दीड इंच समास सोडा, नाहीतर बाइंडिंगमध्ये ओळींची सुरुवातच शिवली जाते.