ढोल आत, ताशा बाहेर

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून ज्यांनी घर घेतलंय त्यांना रात्री किती वाजले हे बघायला मोबाईल उचलावा लागत नाही. दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, मग उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले सगळे कंटेनर आणि ट्रेलर रात्री एकदम मोकळे सुटतात, आणि आमच्या सिग्नलला येऊन ब्रेकची हवा सोडतात, फुस्स्स. मग पहिला गिअर, मग मागच्याचा हॉर्न, की बाबा सिग्नल सुटलाय. घर घेताना ब्रोशरमधे फक्त येऊरचे डोंगर होते. डोंगर आहेत, खोटं नाही, पण ते किचनच्या बाजूने दिसतात आणि झोपायला कोणी किचनमधे जात नाही.

तर आमच्याकडे साउंडप्रूफ खिडक्यांचा विषय निघाला. निघाला म्हणजे अहोंनी मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप टाकलं आणि रात्री दीड वाजता मला उठवून दाखवलं, ७२! मी झोपले होते हो. पण आकडा एकदा बघितला की डोक्यातून जात नाही. आपल्याकडे २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ७२ आणि ४५ मधे २७ चाच तर फरक असं वाटतं, पण हे डेसिबलचं गणित सरळ नसतं, दर १० ला आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ॲप काही सरकारी मोजमाप नव्हे हे मान्य. तरी त्या ट्रेलरवाल्यांना हा नियम कोणी वाचून दाखवलेला दिसत नाही. २०२० मधे मुंबई पोलिसांच्या त्या सिग्नलचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू, म्हणजे वाजवा अजून आणि थांबा अजून. मला तो प्रकार भारी आवडलेला. आमच्या सिग्नलला लावला तर मात्र पहिला कंटेनर गुजरातला दिवाळीतच पोचेल.

पहिला जो फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारा, आला तो टाय वगैरे लावून आला होता. म्हणाला, मॅडम दोन काचांच्या मधे व्हॅक्युम असतो, आवाज येणारच नाही, टोटल सायलेन्स. दुसरा आला तो वयस्कर होता, टेप आणि वही एवढंच घेऊन, त्याने आल्या आल्या पाणी मागितलं आणि मग उदबत्ती मागितली. सासूबाईंना वाटलं काम सुरू करायच्या आधी पूजा करतोय, त्यांनी निरांजन पण काढायला घेतलं. तो पठ्ठ्या पेटलेली उदबत्ती बंद खिडकीच्या कडेकडेने फिरवत होता, आणि जिथे जिथे धूर हलला तिथे पेन्सिलने खूण. स्लायडिंगच्या दोन शटरच्या मधे, खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात तिथे, आणि फ्रेम आणि भिंतीच्या मधे जिथे बिल्डरने व्हाइट सिमेंट फासून विषय संपवला होता तिथे. आवाज पाण्यासारखा असतो ताई, म्हणाला, फट मिळाली की आलाच. खिडकीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी वर कितीही भारी काच लावा, २० डेसिबलच्या पुढे उपयोग होत नाही. म्हणजे आम्ही इतकी वर्षं खिडकी लावून झोपतोय असं जे समजत होतो ते तसं नव्हतंच.

व्हॅक्युमचं विचारलं तर हसला. आत साधी हवाच असते, फक्त कोरडी केलेली, कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरतात म्हणजे काचेला आतून वाफ धरत नाही. आणि दोन काचांमधली ती बारा एमएमची फट उन्हासाठी चांगली, आवाजासाठी एवढीशी फट काही खास नाही, आवाजाला जाड काच पाहिजे, फट पाहिजे तर मोठी पाहिजे, आणि दोन्ही काचा एकाच जाडीच्या नकोत कारण सारख्या काचा एकाच सुराला थरथरतात आणि तो सूर दोघी मिळून आत सोडतात. हे त्याने इतकं सहज सांगितलं की मला फिजिक्सच्या आमच्या सरांची कीव आली.

शेवटी ठरलं ते असं, की जुनी स्लायडिंग खिडकी आहे तशी बाहेर ठेवायची आणि आतून, चार इंच सोडून, दुसरी खिडकी बसवायची. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची फ्रेम, सगळीकडून रबरी गॅस्केट, दाबून बंद होणारं हँडल, आणि दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच. बाहेर ग्रील असल्यामुळे ती आतच उघडणार, म्हणजे पडद्याचा रॉड हलवा, पलंग सहा इंच सरकवा, कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. काच अशी जड की काय सांगू, एक चौरस मीटर आणि एक एमएम जाडी म्हटलं की अडीच किलो, त्यात दहा एमएम, म्हणजे एका खिडकीची नुसती काच पंचेचाळीस किलोच्या वर. दोन पोरांनी ती लिफ्टमधून आणली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात उभे राहून माझ्याकडेच बघत होते. बाहेरून काही दिसणार नाही हो, असं मी त्यांना वर-खाली दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

बसवली. हँडल फिरवलं आणि खरंच, हॉर्न गेले! ब्रेकची फुस्स गेली, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचं टी टी टी गेलं, समोरच्या फार्मसीचं शटर गेलं. अहोंनी ॲप काढलं, ४३. कायद्यात बसलो एकदाचे.

पण मग हळूहळू लक्षात यायला लागलं की सगळंच गेलेलं नाही. ट्रेलर चढाला लागला की पोटात कुठेतरी गुरगुर होतेच. ऐकू येते असं म्हणता येत नाही, जाणवते. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणाला ताई, जाड आवाज थांबवायला भिंत पण कमी पडते, काच काय थांबवणार. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज काच सहज अडवते, खालचे जाड सूर गाळून आत येतात. आणि मोबाईलमधलं ते ॲप माणसाच्या कानासारखं मोजतं, म्हणजे खालचे सूर मुळातच कमी धरतं, म्हणून आकडा एकदम छान दिसतो.

गणपतीत तर याचं प्रात्यक्षिकच झालं. मिरवणूक खालून चालली होती आणि मी बेडरूममधे खिडकी बंद करून कपड्यांच्या घड्या घालत होते, तर ढोल येतोय, व्यवस्थित येतोय, धम्म, धम्म, कपाटातले हँगर हलतायत, आणि ताशा नाही. अजिबात नाही. ताशाशिवाय ढोल कधी ऐकलायत का? कोणीतरी भिंत पाडतंय असं वाटतं. ढोल वेळ धरतो, नाचवतो ताशा, आणि नेमका तोच काचेच्या पलीकडे राहिला. मग मी आवाजांचा हिशोबच मांडला. आत काय येतं, तर ट्रेलर, डीजेचा बेस, मेट्रोच्या कामाची मशीन, जनरेटर. बाहेर काय राहतं, तर तांबट पक्ष्याचं ते टुक टुक, रिक्षातून उतरलेल्या शाळेच्या पोरांची भांडणं, खालच्या मंदिरातली घंटा, टाळ, पावसाची पहिली सर, भाजीवाल्याची हाक. म्हणजे मी पैसे मोजले ते नको असलेल्या आवाजांना हाकलायला, आणि खिडकीने निवड केली ती तिच्या हिशोबाने. तिला काय माहिती कोणता आपला आणि कोणता परका, ती बारीक आणि जाड एवढंच बघते.

आणि जे आवाज घराच्या हाडातून येतात त्यांना तर खिडकीशी देणंघेणंच नाही. वरच्या काकूंचा खलबत्ता, पहाटे साडेपाचला, चहाचं आलं. तो स्लॅबमधून उतरतो. आधी ट्रकच्या गोंधळात तो होता हेच कळलं नव्हतं, आता त्या आलं किती घालतात हे पण सांगू शकते मी. (बरंच घालतात.) फ्रिज दर थोड्या वेळाने दचकून थांबतो, तेही नवीन. शिवाय हवा. सगळं गॅस्केट लावून बंद केल्यावर सकाळी डोकं जड व्हायला लागलं, कारण स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची घेत नाही, तेव्हा आता झोपताना खोलीचं दार किलकिलं ठेवतो. त्या दोन खिडक्यांच्या मधल्या चार इंचात एक पाल अडकली होती, तिचं काय करायचं यावर आमच्यात झालेला आवाज मात्र बाहेरपर्यंत नक्की गेला असेल.

हे सगळं ताशा-ढोलाचं मी जेवताना सांगत होते तर सासूबाई एकदम म्हणाल्या, मग नवीन काय त्यात, मला गेली कित्येक वर्षं ताशा येतच नाही. आम्ही गप्प. त्या पंचाऐंशीच्या आहेत, आणि त्यांना ऐकू कमी येतं म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो, त्यावर त्या ओरडू नकोस गं म्हणतात, आणि आम्हाला वाटायचं आजी मूडप्रमाणे ऐकतात. नंतर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला, डावीकडे, जाड सुरांना, रेघ ठीकठाक आणि उजवीकडे बारीक सुरांशी आली की धाडकन खाली. वय झालं की बहुतेकांचं असंच होतं म्हणे, आधी वरचे सूर जातात. म्हणजे स, श, त, फ ही अक्षरं जातात आणि आवाज राहतो. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. माझी नात कधी आली तर तिचा किणकिणा आवाज त्यांना पोचतच नव्हता, आणि आम्ही म्हणत होतो आजी लक्ष देत नाहीत.

आता मशीन घेतलंय कानाचं, त्या ते दुपारी काढून ठेवतात.

हॉलच्या खिडकीचं कोटेशन अजून डायनिंग टेबलवर पडलं होतं, बेडरूमच्या दीडपट, कारण ती खिडकी मोठी. हॉलमधे दिवसभर त्याच बसतात म्हणून अहो त्यांना विचारायला गेले, आई तुला त्रास होत असेल ना रस्त्याचा, तिकडे पण बसवून टाकू काच. त्यांनी मशीन कानात घातलं, नीट अडकवलं, आणि म्हणाल्या, माझी काच बसवून झालीये रे कधीच, तुम्ही ही खिडकी उघडी ठेवा, भाजीवाला आलेला मला आता कुठे कळायला लागलाय.

फॅब्रिकेटरला फोन करून हॉलचं कॅन्सल केलं. ॲडव्हान्स दिला नव्हता.