४२ नंबरची ट्राम आणि किशपेश्टचे दोन शेजारी

बुडापेस्टला लोक जातात ते डॅन्यूबमधली बोट, रात्री लायटिंगमध्ये झळकणारं पार्लमेंट आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी, तसं आम्हीही चार दिवसांत ते सगळं केलं आणि छानच आहे ते, पण तिकीट काढलं तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच माणूस होता, हंगेरीचा जुना फुटबॉलपटू. आपल्याकडे त्याला पुस्कास म्हणतात, तिकडे पुश्काश, आणि त्यांच्यात आडनाव आधी लावायची पद्धत म्हणून पुश्काश फेरेन्त्स. मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमींच्या मॅचेस शाहू स्टेडियमवर बघत मोठा झालो, त्यामुळे गल्लीतल्या पोरांनी बघता बघता जग हलवलं ही गोष्ट मला पहिल्यापासून फार जवळची वाटत आलीय.

पहिल्या दिवशी सकाळी मेट्रोच्या लाल लाइनने निघालो, तर स्टेशनचंच नाव पुश्काश फेरेन्त्स स्टेडियम. बाहेर पुश्काश अरेना, २०१९ च्या नोव्हेंबरात उघडलेलं, ६७ हजारांच्या आसपास माणूस बसतं. भव्य आहे, पण मला ओढ होती ती इथंच आधी उभ्या असलेल्या जुन्या नेपश्टाडिओनची, कारण २३ मे १९५४ ला हंगेरीने इंग्लंडला ७-१ हरवलं ते इथं. आणि त्याच्या सहा महिने आधी, २५ नोव्हेंबर १९५३ ला, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर जाऊन ६-३! ब्रिटिश बेटांबाहेरची कुठलीच टीम तोपर्यंत इंग्लंडला त्यांच्या घरात हरवू शकली नव्हती. त्या मॅचमधला पुश्काशचा एक गोल मी किती वेळा बघितलाय याची मोजदाद नाही, इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट जीव खाऊन अंगावर येतो, पुश्काश डाव्या पायाच्या तळव्याने बॉल नुसता मागं ओढतो, राइट घसरत पुढं निघून जातो आणि पुढच्या क्षणी त्याच डाव्या पायाने बॉल जाळीत. आजही पोरं तो ड्रॅगबॅक शिकतात.

दुपारी सेंट स्टीफन बॅसिलिकात गेलो. हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान, त्याचा उजवा हात या चर्चमध्ये जपून ठेवलाय, आणि याच चर्चच्या तळघरात पुश्काशला पुरलंय. १७ नोव्हेंबर २००६ ला तो गेला, ७९ वर्षांचा होता, शेवटची काही वर्षं अल्झायमरमध्ये गेली. राजाच्या चर्चमध्ये एका फुटबॉलपटूला जागा देणारा देश, हे वाचलं होतं, पण तिथल्या बाकावर बसल्यावर ते अंगावर आलं, मी बराच वेळ उठलोच नाही.

पण खरं जायचं होतं ते बुडापेस्टच्याच किशपेश्ट भागात. दुसऱ्या दिवशी निळ्या मेट्रोने हतार ऊतपर्यंत, तिथून ४२ नंबरची ट्राम, टुरिस्ट कोणी नाही, पिशव्या घेतलेल्या आज्ज्या आणि दप्तरवाली पोरं. बैठी घरं, अंगणात झाडं, शहर कधी संपलं कळतच नाही. पुश्काश इथं वाढला, वडील किशपेश्ट क्लबचे खेळाडू आणि नंतर कोच, घर मैदानाला लागून, आणि शेजारच्या घरात योझेफ बोझिक, वर्षा-दीड वर्षाने मोठा. चिंध्यांचा बॉल करून दोघं दिवसभर खेळायचे. पुश्काशचं वय क्लबच्या नियमात बसत नव्हतं म्हणून त्याला मिक्लोश कोवाच अशा खोट्या नावाने खेळवलं. घरातलं नाव ओची, म्हणजे धाकटा भाऊ, आपल्याकडे छोटू म्हणतो तसं, आणि म्हातारा झाला तरी अख्खा देश त्याला 'ओची बाची' म्हणजे छोटूकाकाच म्हणायचा.

१९४९ साली सरकारने किशपेश्ट क्लब सैन्याला जोडला, नाव झालं होनवेद, खेळाडूंना हुद्दे मिळाले आणि पुश्काश 'गॅलपिंग मेजर' झाला. दोघं शेजारी आता देशाच्या टीममध्ये. १९५२ ला हेलसिंकीत ऑलिम्पिक गोल्ड, फायनलला युगोस्लाव्हियाला २-० हरवलं, पुश्काशने पेनल्टी घालवली आणि नंतर पहिला गोलही त्यानेच केला. (त्याच युगोस्लाव्हियाने त्याच स्पर्धेत भारताला १०-१ धुतलं होतं, आपली काही पोरं अनवाणी खेळली होती, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.) वेम्बलीच्या सहापैकी दोन गोल पुश्काशचे, एक बोझिकचा, म्हणजे अर्धा स्कोअर या दोन घरांतून आला.

मग ४ जुलै १९५४, वर्ल्ड कप फायनल, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा पाऊस. ग्रुपमध्ये ८-३ हरवलेलं पश्चिम जर्मनी फायनलला समोर, पण त्याच ८-३ च्या मॅचमध्ये पुश्काशचा घोटा दुखावला होता आणि तो तसाच उतरला. सहाव्या मिनिटाला गोल, आठव्या मिनिटाला २-०. आणि मग ३-२ ने हार. शेवटी शेवटी पुश्काशने बॉल जाळीत घातला होता पण लाइन्समनचा झेंडा वर, ऑफसाइड. चार वर्षं न हरलेली टीम नेमकी त्याच दिवशी हरली.

१९५६ ला तर सगळंच तुटलं. ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे आत. होनवेदची टीम युरोपियन कपसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, देशाबाहेर, बिल्बाओला २-३ हरले, घरची मॅच घरी घेणं शक्यच नाही म्हणून ती ब्रसेल्सला खेळली, ३-३, बाहेर पडले. मध्येच पुश्काश मारला गेल्याच्या बातम्याही परदेशी पेपरांत छापून आल्या. टीम परत जायच्या ऐवजी पैसे मिळवायला मॅचेस खेळत फिरली, अगदी ब्राझीलपर्यंत, आणि शेवटी ज्याने त्याने आपापला निर्णय घेतला. पुश्काश आणि टीममधले कोचिश, त्सिबोर बाहेर राहिले. बोझिक घरी परतला.

पुश्काशवर बंदी आली, वजन वाढलं, तिशी उलटली, सगळ्यांना वाटलं संपला. १९५८ ला ३१ व्या वर्षी रियाल माद्रिदने घेतला आणि १९६० च्या युरोपियन कप फायनलला ग्लासगोत फ्रँकफर्टला ७-३ हरवताना त्याने एकट्याने चार गोल टाकले, उरलेले तीन दि स्तेफानोचे. नंतर कोच म्हणून अथेन्सच्या पानाथिनाइकोसला १९७१ ला फायनलपर्यंत नेलं, तीही वेम्बलीवरच. जग त्याला डोक्यावर घेत होतं पण ज्या मैदानावर चिंध्यांचा बॉल मारला तिथं मात्र पाय ठेवता येत नव्हता.

बोझिक १९७८ ला वारला. पुश्काश पहिल्यांदा हंगेरीत परतला १९८१ ला. पंचवीस वर्षांनी आला तेव्हा भिंतीपलीकडचा दोस्त जाऊन तीन वर्षं झाली होती. हे मला आधी माहीत होतं, तारखा पाठ होत्या, पण त्या बैठ्या घरांच्या रस्त्यावर उभं राहून ती वजाबाकी केली तेव्हा घसा दाटला.

ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवरून स्टेडियम चालत जवळच. नवीन बांधलेलं, छोटंसं, आठेक हजारांचं, मॅच नव्हती, गेट बंद, बाहेर लाल-काळ्या जॅकेटातला एक बाप आणि सहा-सात वर्षांचा मुलगा बॉल खेळत होते, मुलगा डावखुरा. मी फोटो काढले, मग घरी व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवावं म्हणून फोनमध्ये पत्ता बघितला. स्टेडियमचं नाव बोझिक अरेना, पत्ता पुश्काश फेरेन्त्स रस्ता, नंबर १ ते ३.