श्रीवर्धनचं घर विकताना

श्रीवर्धनचं घर विकायला काढलं, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक आधी विचारायचं, समुद्र किती लांब? माझं मत असं, की आमच्याकडच्या घराचा व्यवहार करताना समुद्राआधी वाडीची चौकशी करावी. ओटी, माजघर, परसातली विहीर आणि मागची सुपारीची वाडी, या सगळ्याला आम्ही जन्मभर ‘घर’च म्हणत आलो. कागदावर त्या दोन वेगळ्या मिळकती होत्या. घराच्या जागेची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात, वाडीचा सातबारा तलाठ्याकडे. दोन्हींवर नाव अजून आजोबांचंच.

म्हणून आधी वारस नोंद. बाबा, काका, दोन्ही आत्या, कोणीच आता हयात नाही. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. मग फेरफाराची, म्हणजे नोंदीतलं नाव बदलण्याची, नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. मिळकत पत्रिकेसाठी हेच सगळं दुसऱ्या कार्यालयात. एका नातेवाइकाने सुचवलं, आत्यांच्या मुलांकडून आधी हक्कसोडपत्र करून घ्या, काम सोपं होईल. मला ते पटलं नाही. कायद्याने त्यांचा वाटा होताच. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी वाडी आडवी झाली, छप्पर उघडं पडलं, तेव्हा मोठ्या आत्याने स्वतःच्या पैशांनी कौलं घालून घेतली होती. तिच्या मुलांना सह्यांपुरतं बोलवायचं, हे माझ्याकडून झालंच नसतं.

एक आतेभाऊ अमेरिकेत. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. असं पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही तारीख चुकवू नये. अनिवासी असल्यामुळे त्याच्या वाट्यावर खरेदीदाराने कापायचा करही वेगळा. कमी कपातीचा दाखला त्याने आयकर खात्याकडून आधीच मागवला, म्हणून पैसे अडकले नाहीत.

घर पसंत पडलं ते ठाण्याच्या एका कुटुंबाला. सीआरझेडची, म्हणजे समुद्रकिनाऱ्याजवळच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, चौकशी त्यांनी आपल्या वकिलाकडून करून घेतली. त्यांना आहे तेच घर दुरुस्त करून राहायचं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. वाडीचं मात्र अडलं. ते शेतकरी नव्हते, आणि कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दलाल म्हणाला, वाडी बिनशेती करा, झाडं काढा, दुप्पट भाव येईल. वादळानंतर लावलेली रोपं आता कुठे उभी राहिली होती. सुपारी धरायला वर्षानुवर्षं जातात, आणि श्रीवर्धनी रोठा या सुपारीची वाडी तोडून तिथे प्लॉट पाडायचे हे आम्हा भावंडांपैकी एकालाही नको होतं.

शेजारच्या बागायतदार काकांनी वाडी मागितली. त्यांनी दिलेला भाव कमी होता, तरी आम्ही सगळ्यांनी होकार दिला. हद्द पक्की करायला सरकारी मोजणी मागवली, तेव्हा कळलं की विहीर वाडीच्या हद्दीत पडते. घराला पाणी त्याच विहिरीचं! ठाणेकर दचकले. त्यांचं चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी नसलं तर त्या घरात राहणार कसं?

दोन्ही बाजूंना आमच्याच ओटीवर बसवलं. काकांनी स्वतःच सांगितलं, “पाण्याला मी कधी नाही म्हणणार नाही, पण ताई, तुम्ही ते लिहूनच घ्या.” वकिलांनी दोन्ही खरेदीखतांत कलम घातलं: विहिरीपर्यंतची पायवाट, पाइप नेण्याची जागा, पाण्याचा कायमचा हक्क, गाळ काढायचा खर्च निम्मा-निम्मा. पंप दोघांचे वेगळे, मीटरही वेगळे.

दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही दस्त एकाच दिवशी नोंदवले. वाडीचा फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून पाहिला. काकांचं नाव लागलं आहे, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात घराचा विहिरीवरचा हक्क नोंदलेला आहे.