मंगळ, 42 पायऱ्या आन् रात्रीची लाईन

या हप्त्यात शेतातली लाईन रात्री बारानंतर आहे, हरभरा ओलायचा म्हणजे तोवर जागंच राहावं लागते. म्हणून जेवणं आटोपली की ओसरीत सतरंजी टाकून टेराफॉर्मिंग मार्स हा बोर्ड गेम मांडतो. भाचा अकरावीला आमच्याकडंच राहते, तो या गेमसाठी पागल आहे. आज वहिनी पण बसल्या, पहिल्यांदाच. त्यांना समजवता समजवता माझ्या डोक्यातलंही बरंच जागेवर बसलं, ते ताजं आहे तोवर लिहून ठेवतो, नवीन खेळणाऱ्या कोणाच्या कामी पडलं तर चांगलंच.

गेम 2016 चा, स्वीडनच्या जेकब फ्रिक्सेलियसनं बनवलेला. आपण एकेक कंपनी चालवतो आणि सगळ्या कंपन्या मिळून मंगळ राहण्याजोगा करतात. तापमान उणे 30 पासून 8 अंशापर्यंत दोन-दोननं चढवायचं, ऑक्सिजन शून्यापासून 14 टक्के करायचा, आणि समुद्राच्या 9 टाइल्स टाकायच्या. तिन्ही पूर्ण झालं की ती जनरेशन, म्हणजे ती फेरी, शेवटची. दोनशेच्या वर कार्डं आहेत आणि नवीन माणूस त्या कार्डांतच हरवते, पटाकडं पाहतच नाही.

मी वहिनींना कार्ड हातात द्यायच्या आधी पट दाखवला. तापमानाच्या 19 पायऱ्या, ऑक्सिजनच्या 14 आणि समुद्र 9, म्हणजे सगळ्या मिळून 42. हे 42 म्हणजेच या गेमचं घड्याळ. किती जनरेशन चालणार हे कुठंच लिहिलेलं नाही, ते आपणच ठरवतो, कोणी धडाधड पायऱ्या चढवल्या तर गेम लवकर संपते, सगळेच आपापलं प्रॉडक्शन, म्हणजे दर फेरीची आवक, वाढवत बसले तर लांबते. म्हणून दर जनरेशनला कार्डं उचलायच्या आधी फक्त एवढं मोजायचं, की 42 पैकी किती उरल्या. माझ्या मते नवीन माणसानं एवढं एक जरी धरून ठेवलं तरी अर्धा गेम समजला.

आता हे कशासाठी ते सांगतो. दर जनरेशनला चार कार्डं येतात, जे ठेवायचं त्याचे 3 मेगाक्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, आधीच द्यायचे, आणि खेळताना त्याच्यावरची किंमत वेगळी. स्पॉन्सर्स नावाचं साधं कार्ड घ्या, किंमत 6, त्यानं पैशाचं प्रॉडक्शन 2 नं वाढते. उचलायचे 3 धरून 9 गेले. दर जनरेशनला 2 परत येणार, म्हणजे पैसे वसूल व्हायलाच पाच जनरेशन पाहिजेत आणि नफा त्याच्या पुढं. सुरुवातीला हे कार्ड सोनं आहे, पण 42 पैकी दहा-बारा पायऱ्या उरल्या असताना तेच घेतलं तर पैसे पाण्यात. संत्र्याची कलमं लावायची का सोयाबीन पेरायचं, हे जसं जमीन किती वर्षं आपल्या ताब्यात आहे त्यावर ठरते, तसंच आहे हे. वहिनींना हा हिशेब एका दमात समजला. मग तिसऱ्या जनरेशनला चारही कार्डं पाहून म्हणाल्या, "भाऊजी, याच्यातलं एकबी नाई पायजे मले." भाचा म्हणे, "मामी, एक तं घ्या ना!" नाही घेतलं त्यांनी. मला लय आवडलं ते. कार्ड भारी दिसते म्हणून ठेवणं आणि मग खेळायला पैसेच नसणं, यातच नवीन माणसाचा गेम अडकते.

सुरुवातीच्या जनरेशनमध्ये प्रॉडक्शन, हे ठीक. पण टीआरकडं पण लक्ष पाहिजे, म्हणजे टेराफॉर्म रेटिंग. 20 पासून सुरू होते, एक पायरी चढवली की एक वाढते. तो आकडा शेवटी पॉइंट म्हणून मोजतात आणि दर जनरेशनला तेवढेच पैसे पण देतात. त्यामुळं लवकर चढवलेली पायरी दोन्हीकडून कमावून देते. तापमान उणे 24 आणि उणे 20 वर नेणाऱ्याला वरून उष्णतेचं प्रॉडक्शन मिळते, शून्य अंशावर नेणाऱ्याला एक समुद्र, आणि ऑक्सिजन 8 वर नेला की तापमानाची एक पायरी फुकटात. हे बोनस पटावरच छापलेले आहेत, फक्त नजर ठेवायची की आपल्या पाळीला कोणता जवळ आला.

स्टील पैशाच्या जागी चालते, पण बिल्डिंगचा टॅग, म्हणजे चिन्ह, असलेल्या कार्डावरच, एक स्टील म्हणजे 2 मेगाक्रेडिट. टायटॅनियम स्पेसच्या टॅगवर, एकाचे 3. वापरली नाही ती एनर्जी पुढच्या प्रॉडक्शनला उष्णता होऊन जाते, आणि 8 उष्णता दिल्या की तापमान एक पायरी वर. बस, याच्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही, चिन्हं पाहून आपोआप लक्षात येते.

झाडांचं मात्र नीट सांगतो, कारण आज तिथंच मजा आली. 8 झाडं झाली की एक ग्रीनरी टाइल, ऑक्सिजन एक वर, टीआर एक वर, आणि टाइलचा स्वतःचा पॉइंट वेगळा. वहिनींकडं प्रॉडक्शननंतर 9 झाडं जमली होती. भाच्याच्या हातात डीमॉस डाउन होतं, 31 चं कार्ड, मंगळाचा चंद्रच खाली पाडायचा, तापमान एकदम तीन पायऱ्या वर, आणि दुसऱ्या कोणाची 8 पर्यंत झाडं खलास. पण त्या जनरेशनला पहिली पाळी वहिनींची होती. त्यांनी दुसरं काही करायच्या आधी 8 झाडं देऊन टाइल ठेवली, ती पण दोन समुद्रांच्या मधात, म्हणजे एका समुद्राचे 2 असे 4 मेगाक्रेडिट हातात. मग भाच्यानं कार्ड टाकलं तेव्हा उडालं ते एकच झाड. पोरगं कपाळावर हात मारून बसलं आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसून राहिल्या. तर झाडं 8 झाली की त्याच पाळीला टाइल करून मोकळं व्हायचं, पुढच्या पाळीचा भरोसा नाही.

त्याच कार्डावरून भाच्यानं विचारलं, "मामा, लोणारले पडली होती तशीच का ही?" लोणार आमच्यापासून लांब नाही, सगळे पाहून आलेले आहेत. उल्का पडून काळ्या बेसॉल्टच्या खडकात झालेलं विवर आहे ते, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, आणि मंगळावरचा खडक पण बराचसा बेसॉल्टच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात. हे सांगितलं तर पोरगं पाच मिनिट कार्डच पाहत राहिलं. गेममधली गोष्ट अशी आपल्याच जिल्ह्यात सापडली की खेळायला वेगळाच दम येते.

आता माइलस्टोन, म्हणजे ठरलेलं लक्ष्य आधी गाठणाऱ्याचं बक्षीस. 8 मेगाक्रेडिट द्यायचे आणि 5 पॉइंट घ्यायचे. तेच 14 चा ॲस्टरॉइड स्टँडर्ड प्रोजेक्ट (कार्डाशिवाय, नुसते पैसे देऊन करायचं काम) केला तर एक टीआर मिळते. म्हणजे माइलस्टोनसारखा स्वस्त सौदा अख्ख्या गेममध्ये दुसरा नाही. पाच आहेत पण घेता येतात तीनच, म्हणून पहिल्या दोन-तीन जनरेशनमध्येच एक हेरून ठेवायचा. नवीन माणसाला गार्डनर म्हणजे 3 ग्रीनरी, नाहीतर मेयर म्हणजे 3 शहरं, हे सोपे पडतात, डोळ्यासमोर पटावर दिसतात. अवॉर्ड म्हणजे एखाद्या गोष्टीत शेवटी सगळ्यात पुढं असणाऱ्याचं बक्षीस, त्याचं उलट आहे, पहिला 8 ला, मग 14, मग 20, पण पैसे भरले म्हणून तो आपलाच असं नाही, शेवटी ज्याचं जास्त त्याला 5 आणि दुसऱ्याला 2. त्यामुळं आपण चांगले पुढं आहो याची खात्री झाल्यावरच हात घालायचा.

एक कामाची गोष्ट राहिली. प्रॉडक्शनचे ठोकळे त्या पातळ बोर्डावर नुसते ठेवलेले असतात, कोणाचं कोपर लागलं की सगळा हिशेब गेला. मी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा घेऊन ठोकळ्याच्या मापाच्या खिडक्या ब्लेडनं कापल्या आणि बोर्डावर फेविकॉलनं चिकटवला. आता सतरंजी ओढली तरी ठोकळा जागचा हलत नाही.

शेवटच्या जनरेशनचं प्रॉडक्शन झाल्यावर उरलेल्या झाडांच्या ग्रीनरी टाकता येतात, हे पुष्कळ जण विसरतात. तेव्हा ऑक्सिजन भरलेला असते म्हणून टीआर वाढत नाही, पण टाइलचा पॉइंट आहेच, आणि ती आपल्या शहराला लागून ठेवली तर शहराचा पण एक. म्हणून शहराच्या बाजूची एक-दोन घरं आधीपासून राखून ठेवायची. हे वहिनींना मी आज सांगितलं नाही, एका रात्रीत किती भरवायचं डोक्यात.

आज त्या नवशिक्यांची कंपनी घेऊन खेळल्या, 42 मेगाक्रेडिट आणि 10 कार्डं फुकट. उद्या त्यांना इकोलाइन देतो, तिच्यात ग्रीनरीला 8 च्या ऐवजी 7 झाडं लागतात. भाच्यानं हेलिऑन आत्ताच मागून ठेवली, उष्णता पैशासारखी खर्च करायला मिळते म्हणून.