व्हिडिओ वही: २६ वा व्हिडिओ आणि ४८ पैकी ३१ चित्रं

मंडळी, वहीत आता गाण्यांचे २६ व्हिडिओ झाले. नवीन आलेल्यांसाठी सांगते, पद्धत तीच आहे, आधी आवाज पूर्ण बंद करून बघायचं, मग पाव स्पीडला थांबत थांबत, आणि तिसऱ्यांदा रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून नीट. आवाज बंद असला की गाणं आपल्याला ओढून नेत नाही, आणि मग कुठे कुणाचा हात राबलाय ते दिसायला लागतं. मला तेच बघायचं असतं.

या महिन्यातला सगळा वेळ आ-हा या बँडच्या 'टेक ऑन मी'ने खाल्ला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये. १९८५ चा व्हिडिओ, दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन (मायकल जॅक्सनचा 'बिली जीन' पण याचाच). कॅफेत बसलेली मुलगी कॉमिक वाचतेय, त्या पानातल्या मुलाचा पेन्सिलने काढलेला हात बाहेर येतो आणि तिला आत घेऊन जातो, हे सगळ्यांनी पाहिलंय. पण पाव स्पीडला बघा. आधी खऱ्या माणसांचं शूटिंग केलं आणि मग मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या दोघांनी त्यावरून एकेक फ्रेम हाताने काढली, जवळपास ३,००० फ्रेम्स, चारेक महिने. रेघा सारख्या थरथरतात ना, ते त्यामुळेच, कारण दोन चित्रांत तीच रेघ नेमकी तिथेच पडत नाही. आणि त्या थरथरीमुळेच तो मुलगा जिवंत वाटतो, हे मला इतकी वर्षं बघूनही कळलं नव्हतं, स्वतः काढायला बसल्यावर कळलं.

तर हो, बसलेय काढायला. बाबा कपातला चहा बशीत ओततात, ते ४ सेकंद मोबाईलवर शूट केले, सेकंदाला १२ चित्रं म्हणजे एकूण ४८. जुन्या खिडकीची काच दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर ठेवली, खाली एलईडी ट्यूब, वर प्रिंट आणि ट्रेसिंग पेपर. पहिली ९ चित्रं फुकट गेली कारण कागद दरवेळी केसभर सरकायचा आणि चालवून बघितलं की बाबा बोटीत बसल्यासारखे डुलायचे. मग फायलीला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं ना, त्याने प्रत्येक कागदाला आणि प्रिंटला भोकं पाडली आणि काचेवर दोन खिळे उलटे चिकटवून त्यात कागद अडकवायला लागले, आता एकदम घट्ट बसतं. हात, मिशी, चष्मा सगळं जमतंय. चहाची धार जमत नाहीये. धारेला कडा अशी नसतेच, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळीच वळते, शेवटी मी ती रेघेने काढणं सोडलं आणि पेन्सिल आडवी धरून नुसती छटा दिली, आणि ती हलायला लागली की अंगावर काटा येतो हो. ३१ झाली, १७ बाकी.

मध्ये ब्रेक म्हणून पीटर गॅब्रिएलचा 'स्लेजहॅमर' परत बघितला, १९८६. यात कागद नाहीच, माणूसच एकेक फ्रेम हलवलाय. गॅब्रिएल काचेखाली १६ तास पडून होता! डोक्याभोवती खेळण्यातली आगगाडी फिरते, निळ्या रंगवलेल्या चेहऱ्यावरून ढग सरकतात, आणि त्या दोन सोललेल्या कोंबड्या नाचतात त्या निक पार्क या ॲनिमेटरने नाचवल्यात. १९८७ मध्ये एमटीव्हीची ९ अवॉर्ड्स मिळाली, आणखी द्यायला हवी होती असं माझं मत.

क्वीनचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) मात्र अगदी उलट, चारेक तासांत शूट उरकलं, लंडनजवळ एल्स्ट्रीला बँड टूरची तालीम करत होता तिथेच. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स. 'मॅग्निफिको' हा शब्द येतो तिथे गायक फ्रेडी मर्क्युरीचा चेहरा एकामागे एक लांब जात राहतो ना, त्यासाठी कॅमेरा सरळ मॉनिटरकडे फिरवलाय, म्हणजे मॉनिटरमध्ये मॉनिटर. मी मोबाईल टीव्हीला जोडून टीव्हीकडेच धरला. खरंच होतं! फक्त माझ्याकडे चित्र थोडं उशिरा येतं म्हणून चेहरे एकामागे एक रेंगाळत येतात, तेही सुंदरच दिसतं. आणि फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच शाळेतल्या हेक्टिक्स बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे आठवलं की मला दरवेळी भरून येतं. आम्ही दर मे महिन्यात स्ट्रॉबेरी क्रीम खायला तिथूनच जायचो आणि मला माहीतच नव्हतं.

जमिरोक्वायचा 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' (१९९६, जोनाथन ग्लेझर) ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आज बघा, जमीन सरकत नाही, भिंती सरकतात, एवढंच सांगते.

२६ वा व्हिडिओ मुद्दाम साधा घेतला. शिनेड ओ'कॉनरचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू', १९९०, गाणं प्रिन्स या गायकाचं, दिग्दर्शक जॉन मेबरी. नुसता चेहरा. कुठलीच करामत नाही, पॅरिसच्या बागेत चालतानाचे काही शॉट्स आहेत तेवढेच. आईने लावलेल्या फुलांची ओळ येते तिथे तिचे डोळे भरतात, ते ठरवलेलं नव्हतं, तिला स्वतःची आई आठवली होती. आवाज बंद करून बघितलं तेव्हा मला ते अश्रू यायच्या बरंच आधी दिसलं, हनुवटी जराशी घट्ट होते, मग ती खाली बघते. पाव स्पीडला बघायचं मी टाळलं. वहीत पहिल्यांदाच तो रकाना कोरा सोडलाय.

२७ वा ठरलाय, कोल्डप्लेचा 'द सायंटिस्ट', ज्यासाठी क्रिस मार्टिन गाणं उलटं म्हणायला शिकला. पण आधी चहा. ३२ नंबरच्या चित्रात बशी भरत येते आणि बाबा ओठ पुढे काढतात, ती मिशी परत नीट काढायचीय.