हळदीत डीजे वाजवणाऱ्या नव्या पोरांसाठी

काल हरिपूरला हळदीत वाजवलं, आणि कॉलेजची पोरं सारखी कंट्रोलरमागं (गाणी मिसळायचं मशीन) येऊन एकच विचारत होती, दादा मशीन कुठलं घेऊ. अरे डीडीजे-एफएलएक्स४ सारखं दोन चॅनलचं, म्हणजे दोन गाणी मिसळता येणारं, बास झालं सुरुवातीला, त्यावर रेकॉर्डबॉक्स पण चालतं सेराटो पण (दोन्ही डीजेची सॉफ्टवेअर), उरलेले पैसे हेडफोनला घाला.

खरा खर्च गाण्यांवर करा. यूट्यूबवरनं ओढलेलं गाणं मोबाईलवर बरं वाटतंय पण बेस-टॉपच्या मोठ्या स्पीकरवर लावलं की उघडं पडतंय, ३२० केबीपीएसचं, म्हणजे चांगल्या क्वालिटीचं, विकत घ्या. आणि हलगी-संबळची जुनी रेकॉर्डिंग हातानं वाजवलेली असत्यात, टेम्पो पुढंमागं होतो, तिथं डोळे झाकून सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं तर दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणून रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिस डायनॅमिकवर (बदलता टेम्पो धरणारी सेटिंग) ठेवा आणि तरीपण बीटग्रिड, म्हणजे ठेका कुठं पडतो त्याच्या खुणा, कानानं तपासाच. काल सगळ्यात जास्त नाचल्या त्या बायका, तेपण हलगीवरच (पोरं नुसती रील काढत होती 😄).

मिक्सरचा लाल दिवा लागला म्हणजे आवाज वाढला असं नसतंय, फाटला. जनरेटरवर लॅपटॉपचा चार्जर लावला की कधीकधी घूंऽऽ येतं, त्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर (ती घूं काढणारी छोटी डबी) बॅगेत टाका.

रात्री १० ला बंद म्हणजे बंद, २००० सालापासनं नियमच आहे तो, नवरदेवाचा मामा कितीपण म्हणू दे एक शेवटचं. आणि ॲडव्हान्स निम्मा आधी घ्यायचा, पाव्हण्याचं लग्न असलं तर आधी त्याच्याकडनंच.